कडेला सरकलेलं केंद्रक

विरूपाक्षअप्पा बसून सूक्ष्मदर्शकात बघत नसत. खुर्ची पायाने मागे ढकलत, वाकून डोळा लावत, अर्ध्या मिनिटात खिडकीपर्यंत जाऊन परत येत. परभणीतल्या आमच्या लहानशा लॅबमध्ये ते तीस वर्षं तंत्रज्ञ होते. मी नवी पॅथॉलॉजिस्ट. त्यांच्या येरझाऱ्यांनी माझं डोकं उठे. "बसा की हो अप्पा," म्हटलं, तर गळ्यातलं इष्टलिंग सदऱ्याआत सारत म्हणत, "बसलं की डोळा निजतो, म्याडम."

झरीच्या सुमनबाई पाठदुखीने वाकल्या होत्या, अंगात रक्त उरलं नव्हतं. त्यांच्या अस्थिमज्जेची स्लाइड मी पाहिली. पेशीपेशीत सुयांसारख्या बारीक कांड्या. अशा कांड्या म्हणजे तीव्र रक्तकर्करोग, हे मला पाठ होतं. मी रिपोर्टवर सही केली. दुपारी त्यांचे यजमान तो न्यायला येणार होते आणि संध्याकाळच्या गाडीने दोघं उपचारांसाठी हैदराबादला निघणार होती.

त्याआधी अप्पा तीनदा माझ्या टेबलाशी येऊन गेले. चौथ्यांदा बोलले.

"म्याडम, सुया हायेत, खरंय. पण केंद्रक बघा की, कडंला सरकलंय. प्लाझ्मा पेशी वाटायल्यात मला."

"प्लाझ्मा पेशीत सुया नसतात, अप्पा."

"सहसा नसतात. मी एकदाच बघितल्यात. शक हाय तवर कागद देऊ नका."

"सही माझी आहे," मी म्हणाले.

ते दारातून हलेनात. त्यांना घालवायचं म्हणून मी पुन्हा डोळा लावला. जिथे बघावं तिथे केंद्रक कडेला. अप्पांसमोरच रिपोर्ट फाडला आणि रक्तातल्या प्रथिनांची तपासणी करून घेतली. प्लाझ्मा पेशींचा मल्टिपल मायलोमा निघाला. आजार तोही कर्करोगच, पण उपचार अगदी निराळे.

सव्वा वर्षाने सुमनबाई आपल्या पायांनी जिना चढून आल्या. यजमानांनी हात जोडले. "तुमी वळखलं म्हणून, म्याडम." आत अप्पा काचा धूत होते, नळाचा आवाज येत होता. त्यांचं नाव घ्यायला एक क्षण पुरला असता. "काळजी घ्या," एवढंच मी म्हणाले.

अप्पा निवृत्त होऊन पिंगळीला राहायला गेले. त्यांची माफी मागायला जाऊ जाऊ म्हणत मी टाळत राहिले, आणि गेल्या वर्षी ते वारले. मग त्यांच्या घरी भेटायला गेले तेव्हा त्यांच्या बायकोला मी सगळं सांगून टाकलं.

"मला म्हाईत हाय," त्या म्हणाल्या. "त्यायनी घरी येऊन सांगितलं हुतं. म्हणले, सही केलेला कागद म्याडमनी माझ्यासमोर फाडला. असं कुणी करत न्हाई."