आईने दिलेला निरोप

आज रेवदंड्याच्या बाजारात सुक्या बोंबलांचा वास आला आणि गेल्या महिन्यात वारलेला माझा भाऊ आठवला. स्मृतिभ्रंशावर औषध शोधण्यात त्याचं आयुष्य गेलं.

काही वर्षांपूर्वी एका दुपारी तो मुंबईहून घरी आला, तेव्हा आई वलांडीवर बोंबील वाळत घालत होती. तिला तो गिऱ्हाईक वाटला.

"मुंबईचा काय रं? नाक नको दाबू! माझा पोर बी तिकडंच हाय, डोक्याची औषधं करतो. त्याला सांग, आयेला कायबी आठवत न्हाय, एक गोली धाड."

"सांगतो," तो म्हणाला.

'मीच तुझा मुलगा' एवढंही तो बोलला नाही, म्हणून मी चिडले होते. आता कळतं. तसं म्हणताच तिने गोळीसाठी हात पुढे केला असता, आणि त्याच्याकडे द्यायला काहीच नव्हतं.