अंटार्क्टिकाला निघालेल्या लेकीची ओटी

मंडळी, परवा मी अंटार्क्टिकाला निघतेय. आनंदाने दोन दिवस धड झोप नाही. तिथलं नाजूक शेवाळ कसं जपायचं हा माझा पीएचडीचा विषय, आणि ते शेवाळ आजवर मी फक्त फोटोत पाहिलंय.

मोहिमेचा जाडजूड लाल कोट आईला दाखवायला आज माहेरी, तिकोणा पेठ या गावी गेले. अर्ध्या आळीने तो घालून फोटो काढले. काकू तर कोट घालून गवतातून थेट म्हशीला दाखवायला गेली. परत आली तेव्हा कोटभर कुसळं.

माझं तोंडच उतरलं. "काकू, तिकडे बाहेरचं एक बीसुद्धा न्यायचं नाही. रुजलं तर तिथलं शेवाळ मरेल."

"आगं मग आधी सांगायचं न्हाई व्हय?" म्हणत काकू पिन घेऊन बसली. पाठोपाठ सगळ्याच बसल्या.

निघताना मी ओढणी पसरली. ओटीचे तांदूळ हातात घेऊन आई थबकली. "ह्ये तरी चालत्याल का गं तितं?"

"धान्यपण नाही, आई."

तिने तांदूळ डब्यात परत टाकले आणि रिकाम्या ओंजळीनेच माझी ओटी भरली.

आता कोट तपासू देत, बूट तपासू देत. ही ओटी कुणाला सापडायची नाही.