रंग सरकवणाऱ्या मॅडम

"धक्का नाई द्याचा, भाऊ. सरकवत न्याचं," असं म्हणत मॅडम टेबलावर बोट ठेवायच्या आणि ते इतकं सावकाश पुढे न्यायच्या की पाहणाऱ्यानं श्वास धरावा.

हिंगणघाटच्या आमच्या कॉलेजात त्या फिजिक्स शिकवायच्या. मी प्रयोगशाळा सहायक. तास इथे घेत असल्या तरी मन दूरच्या एका लॅबमध्ये असायचं, जिथे त्यांनी सहा वर्षं संशोधन केलं होतं. लेसरच्या झोतानं अणूंना खालच्या ऊर्जेतून वरच्या ऊर्जेत न्यायचं, हे त्यांचं काम.

"एकाच रंगाचा झोत मारला, अन् जरा चुकला, त काही अणू वर जातात, काही खालीच राह्यतात. पण झोत चालू असतानाच त्याचा रंग सरकवला, पाखराच्या आवाजात सूर चढते तसा, त सगळेच वर जातात."

"पाह्यलं कोणी?"

"मी पाह्यलं ना!" त्या हसायच्या.

तो प्रकाश डोळ्यांना जवळपास दिसतच नाही. त्या लॅबमध्ये एका दुपारी झोताचा ठिपका सापडेना, म्हणून त्यांनी संरक्षक चष्मा काढला. कोणीतरी आरसा हलवून ठेवला होता. झोत तिथून उडाला तो थेट उजव्या डोळ्यात.

"आवाज आला मले, भाऊ. डोळ्याच्या आत. टप्पकन."

डोळ्याच्या मधोमध जाळल्यासारखा डाग पडला. संशोधन अर्धवट टाकून त्या अल्लीपूरला आईकडे परतल्या. आरसा कोणी हलवला, हे त्यांनी कधी सांगितलं नाही.

एका डोळ्यावर भिस्त असली की अंतर कळत नाही. बीकरमध्ये पाणी ओतताना धार बाहेर पडायची. मी बीकर पुढे सरकवायचो. तरी त्या अल्लीपूरहून स्कूटीनं यायच्या.

"बसनं येत जा, मॅडम."

"बस टायमावर येते कुठं?"

मी पुन्हा म्हटलं नाही. म्हणायला हवं होतं.

प्रयोगशाळेत त्यांच्या मोबाईलला रेंज नसायची, म्हणून जुन्या लॅबमधला एक विद्यार्थी माझ्या फोनवर त्यांच्याशी बोलायचा. त्यांचा प्रयोग आता तो करत होता आणि अर्धेच अणू वर जात होते. एके दिवशी मॅडमनी त्याचं बराच वेळ ऐकून घेतलं.

"झोताच्या वाटेत नवीन भिंग लावलं का?"

"हो. जाड आहे जरा."

"काढ ते. जाड काचेतून गेलं की आपण सरकवलेला रंग परत जागेवर येतो."

त्याच संध्याकाळी अल्लीपूरच्या रस्त्यात कापसानं भरलेली ट्रॅक्टरची ट्रॉली उभी होती. तिला मागे दिवा नव्हता. मागून येणाऱ्यानं सांगितलं, त्यांनी ब्रेकच दाबला नाही. अजून लांब आहे असं वाटलं असावं.

चौथ्या दिवशी माझा फोन वाजला.

"काका, मॅडम आहेत?"

माझ्या तोंडून "नाहीत" एवढंच निघालं.

"वर्गावर असतील. त्यांना सांगाल? भिंग बदललं. सगळे अणू गेले वर, जवळजवळ सगळे! रिसर्च पेपरमध्ये त्यांचं नाव पहिलं टाकायचं म्हणतोय मी."

त्याच्या मागे कोणीतरी टाळ्या वाजवत होतं.

"सांगतो," मी म्हटलं.

फोन ठेवल्यावर लगेच उलटा फोन करून खरं सांगायला हवं होतं. नंबर अजून माझ्याकडे आहे. मी लावलेला नाही.