अण्णांच्या गारगोटीतलं पाणी

या धाग्यावर जे मला ओळखतात त्यांना आता हसू येणार आहे. लोकांच्या भुताखेतांच्या अनुभवांखाली ‘उंदीर असेल’, ‘पाइपात हवा अडकली असेल’, ‘झोप नीट झाली नसेल’ असं लिहून सगळी मजा घालवणारा तो माणूस म्हणजे मीच. आमचं घर बौद्ध. अंगात येणं, नजर लागणं, अंगठीत खडे घालणं, या सगळ्याला लहानपणापासून घरात बंदी. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच कसंसं होतंय... पण झालंय खरं.

मी बहारीनला राहतो, गुदैबियात. सोनारांचे आणि लॅबवाल्यांचे वजनकाटे तपासून बरोबर करून देणं हे माझं काम, आणि छंद दगडांचा. म्हणजे आपल्याकडच्या काळ्या खडकाच्या पोकळ्यांत जे स्फटिक सापडतात ना, ते. पाणेरी हिरवे, केशरी पाकळ्यांसारखे, सुयांचे झुबके असलेले. दर वेळी गावाहून येताना कपड्यांत गुंडाळून एक-दोन आणतो. हॉलमध्ये त्यांच्यासाठी काचेचं कपाट करून घेतलंय, आत छोटे दिवे. सुजाता, माझी बायको, म्हणते, “लोक चहाला येतात आणि तू त्यांना म्युझियम दाखवायला उभं करतोस.” खोटं नाही. मला मिरवायला आवडतं.

आणि येणारा प्रत्येक जण हमखास विचारतो, “मिलिंदभाई, शनी के लिए कौन सा अच्छा रहेगा?” मी म्हणतो, शनीलाच विचारून सांगतो.

कपाटातला सगळ्यात साधा दगड म्हणजे अण्णांची गारगोटी. अण्णा म्हणजे माझे वडील. मुठीएवढी, राखी-निळसर, बाहेरून खडबडीत. पण कानाशी धरून हलवली की आतून आवाज यायचा — डुबुक. उजेडासमोर धरली की आतला बुडबुडा इकडून तिकडे सरकताना दिसायचा. दगड तयार होतानाच आत पाणी अडकलेलं असतं. असे दगड क्वचित मिळतात, पण मिळतात. त्यात चमत्कार काही नाही.

ती आली कुठून तेही सांगायला हवं. आमचं गाव जालन्याकडचं. आमच्या वस्तीला पूर्वी स्वतःची विहीर नव्हती. बायका घागरी घेऊन गावच्या विहिरीपासून लांब उभ्या राहायच्या, कुणीतरी वरून पाणी ओतेपर्यंत. अण्णा सुरुंग लावायचं काम करायचे, म्हणजे अख्ख्या पंचक्रोशीतल्या विहिरींचे खडक फोडले त्यांनी, आमच्या वस्तीची विहीर तेवढी नव्हती. शेवटी वस्तीनं मिळून स्वतःची विहीर खणायला घेतली. खडक काही केल्या संपेना. मग अण्णांच्या छिन्नीखाली एक पोकळी फुटली आणि ही गारगोटी हाती आली. त्यांनी हलवून पाहिली आणि वर उभ्या असलेल्या लोकांना ओरडून सांगितलं, पानी हाय! खरं पाणी त्यानंतर काही दिवसांनी लागलं. त्या छिन्नीची खूण गारगोटीवर अजून आहे, अर्ध्या नखासारखी.

आता अण्णांना दिसत नाही, आणि अलीकडे माणसंही आठवत नाहीत. दर शुक्रवारी सकाळी मी फोन करतो. तिकडे गावी वहिनी फोन त्यांच्या कानाला लावते.

“कोन हाय?”

“अण्णा, मी मिलिंद.”

“कोन मिलिंद?”

मग मी गारगोटी फोनला चिकटवून हलवायचो. डुबुक. आणि पलीकडून अगदी पूर्वीच्या आवाजात, “आरं मिलिंद! जेवला का?” त्यापुढे दहा-पंधरा मिनिटं मला माझे वडील परत मिळायचे. ते पाणी माझ्यासाठी एवढं होतं.

आणि ते मीच घालवलं. पाण्याची गारगोटी कधी दिव्याच्या उष्णतेत ठेवायची नाही, पाण्याच्या वाटीत बुडवून ठेवायची, नाहीतर दगडाच्या बारीक छिद्रांतून पाणी हळूहळू उडून जातं. दगड जमवणाऱ्या कुणालाही हे माहीत असतं. मलाही होतं. पण चार पाहुणे येणार होते, बुडबुडा छान दिसावा म्हणून मी ती वाटीतून काढून मागे दिवा लावला. पुढे आम्ही ईदच्या सुट्टीत भारतात जाऊन आलो, आणि दिवा तसाच चालू राहिला होता. परत येऊन हलवली... काही नाही. साधा दगड.

बाहेरून तडा कुठेच नव्हता. आमच्या ऑफिसच्या नाजूक काट्यावर ठेवून पाहिली. पाणी असतानाचं वजन मला पाठ होतं, आमच्या धंद्यात असले आकडे डोक्यातच बसतात. ते चांगलंच घटलं होतं. मग कितीतरी आठवडे वाटीत बुडवून ठेवली. वजन जागचं हललं नाही.

शुक्रवार काही थांबत नाही. अण्णा “कोन मिलिंद?” वर अडले की मी खुणा सांगत सुटायचो. गावाचं नाव, आईचं नाव, विहीर, सगळं सांगून झालं. सुजातानं शक्कल काढली — औषधाच्या बाटलीत थोडं पाणी घालून हलव. हलवली. अण्णा म्हणाले, “ही बाटली हाय,” आणि वहिनीला म्हणाले, “ठीव फोन. कोन मानूस हाय, उगा तरास देतो.”

त्या दिवशी मी रडलो. सुजाता नुसती शेजारी बसून राहिली, एरवी ती असं कधी करत नाही.

आता अबू युसुफ. हे इथल्याच बुदैया गावचे, वयस्कर, वाळवंटात सापडणारे वाळूचे गुलाब जमवतात. दगडच असतात ते, पण पाकळ्या अशा की हात लावायला भीती वाटते. भारताशी व्यापार होता त्या काळातली जुनी पिढी, त्यामुळे हिंदी छान बोलतात. आमची दोघांची एक रीत आहे. एकमेकांकडे गेलो की आपला एक दगड पाहुणा म्हणून मागे ठेवायचा आणि पुढच्या वेळी परत न्यायचा. आपला दगड दुसऱ्याच्या घरात कसा दिसतो ते बघायला. त्या खेपेला मी गारगोटी नेली. कपाटात तिच्याकडे बघवत नव्हतं, हेच खरं कारण. तिच्यात पाणी होतं हे त्यांना कधी बोललो नव्हतो आणि तेव्हाही बोललो नाही. लाज वाटली.

त्यांच्या बागेत एक जुना झरा आहे, म्हणजे होता. दगडी बांधलेला हौद, उतरायला पायऱ्या, आणि आतल्या भिंतीत घागर ठेवायचे कोनाडे. लहानपणी ते त्यात पोहायचे. मग हळूहळू पाणी खाली गेलं. “अब खलास,” ते नेहमी म्हणतात, “सिर्फ मिट्टी.” पाहुणे दगड ते त्याच कोनाड्यांत ठेवतात, सावली असते म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा फोन. “मिलिंद, तुमने बताया नहीं, इसके अंदर पानी है!”

मला वाटलं, थट्टा करतायत. पण त्यांना थट्टा करायला माहीतच काय होतं? ऑफिसला दांडी मारून निघालो. वाटेत सगळी कारणं शोधून ठेवली: दगड बदलला असेल, बागेला पाणी देताना पाइप फुटला असेल, म्हातारबुवांना भास झाला असेल.

त्यांनी गारगोटी हातात दिली. मी हलवली.

डुबुक.

छिन्नीची खूण पाहिली, तीच. उन्हासमोर धरली, बुडबुडा सरकला. मग मी हौदात उतरलो, अगदी गुडघे टेकून. कोनाडा कोरडा. कोपऱ्यात कोळ्याचं जुनं जाळं, धुळीनं जड झालेलं, कुठे ओलावा लागल्याची खूण नाही. तळाची माती बोटानं चुरली, पीठ. अबू युसुफनी माझं ऐकून चक्क फावडं आणलं आणि दोघांनी मिळून हातभर खणलं. “मफी,” ते धापा टाकत म्हणाले, म्हणजे अरबीत ‘नाही’. “पानी मफी, कुछ भी मफी.” मग मी त्यांना सगळं सांगितलं, दिवा, अण्णा, बाटली. फावडं भिंतीला टेकवून ते म्हणाले, “यल्ला, चलो, पहले बाप को फोन करो.”

पण मी काट्यावाला माणूस, आधी वजन केलं. पुन्हा वाढलं होतं. म्हणजे पाणी खरंच होतं. फक्त पूर्वीइतकंच नाही, त्याहून एक केसभर जास्त. पुन्हा पुन्हा केलं, काटा बदलून केलं. तेच.

शुक्रवारी सकाळी फोन लावला. सुजाता स्पीकरजवळ येऊन बसली. वहिनीनं फोन अण्णांच्या कानाला लावला.

“कोन हाय?”

या वेळी मी नाव सांगितलंच नाही. नुसती गारगोटी फोनला चिकटवली आणि हलवली. डुबुक.

नेहमीचं ‘आरं मिलिंद’ आलं नाही. मला वाटलं, गेलं, हेही गेलं.

“परत वाजीव,” अण्णा म्हणाले.

वाजवली.

“हे आपल्या हिरीचं पानी न्हाई, मिलिंद.”

सुजातानं माझा हात घट्ट धरला. नाव घेतलं होतं त्यांनी.

“पन गोड हाय,” अण्णा म्हणाले. आवाजावरून पाणी गोड की खारं कसं कळतं, ते मला विचारू नका. आणि मग त्यांनी हळूच विचारलं, “कुनी दिलं रं?”

त्यानंतर मी तुमच्यापैकी कुणीही सुचवेल ते सगळं करून पाहिलंय. तसलाच दुसरा सुकलेला दगड मुद्दाम मिळवून त्या कोनाड्यात ठेवला, एक रात्र, मग महिनाभर. सुकलेलाच राहिला. अबू युसुफ आता मला फोन करून स्वतःच नवनवीन कारणं सांगतात आणि स्वतःच खोडून काढतात. गारगोटी काचेच्या कपाटातून काढून वाटीत बुडवून ठेवलीय. पाहुण्यांना दाखवत नाही.

अण्णांना बाकी काहीही आठवो न आठवो, शुक्रवारी पाणी वाजलं की ते मला नावानं हाक मारतात आणि दर वेळी तेच विचारतात, कुनी दिलं रं? ज्यांना एके काळी पाणी कुणी वरून ओतेल तेव्हा मिळायचं, त्यांना हे पाणी कुणी दिलं ते कळायला हवं, एवढं मला समजतं.

मी म्हणतो, शोधतोय अण्णा.