मांजरपाटावरची सुपारीची बाग

सर्व लहानथोरांस अत्यंत गांभीर्यानं कळविण्यात येतं की, निजामाच्या अमलात, कळंबच्या रखरखीत मुलखात सुपारीची पहिली बाग मी लावली. मांजरपाटाच्या जाड्याभरड्या कापडावर, सरसात कालवलेल्या रंगांनी. पाणी लागलं ते फक्त कुंचले धुवायला.

त्याचं असं झालं. गावातल्या हौशी मंडळींनी वनवासाचं नाटक बसवलं होतं. तहसिलातून इजाजत मिळाली, पण जंगलाचा पडदा कुणाकडंच नव्हता. नाटकाचे म्होरके म्हणजे गावातले शिंपीकाका. त्यांनी ते काम माझ्या गळ्यात घातलं आणि मला तेच हवं होतं. आमचं दुकान सुपारीचं. आजोबांनी, म्हणजे आमच्या अज्जांनी, फर्मान काढलं होतं की दिवाळीपासून मी दुकानाच्या गादीवर बसायचं, चित्रांनी पोट भरत न्हाय. पडदा त्यांना पसंत पडला तर निदान तोंड उघडायला जागा होईल, एवढीच माझी आशा.

आता जंगल म्हटलं की आमच्या भागातला माणूस बाभळी-बोरी काढील. माझ्या डोळ्यांपुढं त्या येईनातच. अज्जा तरुणपणी शिरसीकडून सुपारीची पोती घेऊन आले आणि इथंच राहिले. घरात आम्ही कानडी बोलायचो. अडकित्ता हातात आला की अज्जा तिकडचं सांगत: आभाळाला टेकलेली सडपातळ झाडं, अंगणात उतरलेले ढग, आणि शेंड्यावरून झोका घेऊन शेजारच्या झाडावर जाणारा गडी. मी तिकडं कधी पाऊल टाकलं नव्हतं. तरी कुंचला उचलला की हात तिकडंच जाई. अजून जातो.

पडदा मठाच्या आवारात भर दुपारी टांगला. शिंपीकाका मान तिरकी करून म्हणाले, "झाडं लईच उंच झालीत. पण वरचं माकड झकास जमलंय!"

"काका, तो माणूस आहे."

"आसू दे. वनवासात माकडच पायजे."

तेवढ्यात अज्जा आले. कुणीतरी चुगली केली असणार. काठी भिंतीला टेकवून ते पडद्याजवळ गेले आणि त्यांनी एका खोडावर हात ठेवला.

"ही बाग कुठं बघितलीस रे?"

"तुम्हीच सांगितली की, अज्जा."

त्यांनी उपरण्यानं डोळे पुसले. मला वाटलं, जिंकलो! मग त्यांची मान वर गेली.

सुपारी झाडावर सालीत असते, घोसानं लोंबते, पिकली की केशरी होते. हे त्यांनी कधी सांगितलंच नव्हतं. एवढं तर सगळ्या जगाला ठाऊक असणार, असा त्यांचा समज. मी जन्मभर बघितली ती पोत्यातली. म्हणून तशीच काढली होती: तपकिरी, वाळलेली, सोललेली, एकेका देठाला एकेक.

अज्जा गर्रकन शिंपीकाकांकडं वळले आणि अख्ख्या मठाला ऐकू जाईल असं ओरडले, "सोललेली सुपारी झाडाला लावतंय हे बेणं! ह्याला गादीवर बसवलं तर धंदाच बुडवील माझा! ठेवून घ्या तुमच्याकडंच, काढू द्या काय काढायचं ते!"