काचवाल्यांचं थोपटणं

काचवाले कुठलीही गोष्ट दोनदा करत नसत. खिळा ठोकायचा तर एकच घाव, लिंबू चिरायचं तर एकाच झटक्यात, आणि पानावर भात नको असेल तर एकदाच 'नको'. सुनेला आधी वाटायचं, सासरे जरा तुसडेच दिसतात. मग कळलं, हा धंद्याचा गुण आहे. काच कापायच्या हिरकणीने रेघ एकदाच ओढायची, गिरवायला गेलं की काच भलतीकडेच तुटते. त्यामुळे आधी विचार, मग हात, मग थांबणं, असंच त्यांचं उभं आयुष्य गेलं. गुडघ्यांनी दगा दिला तेव्हा दुकान पुतण्याकडे गेलं आणि सवय तेवढी घरी आली.

अशा माणसावर सात महिन्यांच्या नातवाला झोपवायची पाळी आली होती. सुनेची रजा सोमवारी संपत होती. औषधांच्या कारखान्यात, तपासणी विभागात तिची नोकरी. ती तिने सगळ्यांशी भांडून मिळवली होती आणि तिचा त्या नोकरीवर जीव होता. साहेबांनी गोड हसून सांगितलं होतं की रजा आता एक दिवसही वाढणार नाही. नवरा सकाळी जायचा तो दिवेलागणीला उगवायचा. सासूबाई शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला, त्या दुपारनंतर मोकळ्या. म्हणजे बाळाची सकाळची झोप काचवाल्यांच्या गळ्यात. ती हुकली की बाळराजे संध्याकाळपर्यंत घर डोक्यावर घेत. इतक्या लहान मुलाला घेणारं पाळणाघर जवळपास नव्हतं. काचवाल्यांना जमलं तर नोकरी, नाहीतर राजीनामा.

बाकी सगळं त्यांना बघता बघता जमलं. लंगोट तर ते असा बांधत की सासूबाईंनीसुद्धा नाक मुरडलं नाही. घोडं अडलं थोपटण्यापाशी. काचवाले हात उचलत, बाळाच्या पाठीवरची जागा हेरत, तिथे अचूक थाप देत, हात मागे घेत आणि विचारात पडत. बाळ डोळे मिटायच्या बेतात असे, तेवढ्यात पुढची थाप येई. मग ते मान वळवून आजोबांकडे बघे, आता कुठे पडतेय म्हणून.

सासूबाई थोपटत तेव्हा त्यांचे डोळे टीव्हीवर असत आणि तोंडाने फोनवर बहिणीशी भांडण चालू असे. बाळ पाच मिनिटांत गार. नवऱ्याचा प्रकार बघून त्या म्हणाल्या, "अहो, तुम्ही थोपटत नाही, दर वेळी नव्याने ठरवताय."

काचवाल्यांनी विचारलं की ठरवल्याशिवाय हात उचलायचा तरी कसा? सासूबाईंनी टीव्हीचा आवाज वाढवला. श्वास कसा घ्यायचा असं कुणी विचारलं तर काय सांगणार, कपाळ?

मग घरादाराचे उपाय सुरू झाले. एक-दोन, एक-दोन मोजून पाहिलं, तर बाळ मोजणीच ऐकत बसलं. भिंतीवरच्या घड्याळाच्या तालावर पाहिलं. तिथे आधी टिक व्हायचं आणि मग साहेबांचा हुकूम मिळाल्यासारखा काचवाल्यांचा हात खाली यायचा. शनिवारी संध्याकाळी सुनेने नवऱ्याला सांगून टाकलं की सोमवारी जाते आणि राजीनामा देऊन परत येते. ती रडली नाही, पण भांडी जरा जोरातच घासली. काचवाल्यांनी ते पलीकडच्या खोलीत ऐकलं आणि त्यांना फार वाईट वाटलं.

रविवारी ते पेंगुळलेल्या बाळाच्या पाठीवर हात ठेवून बसले होते, तेव्हा शेजारचे मास्तर न्हाणीघरासाठी घेतलेला आरसा दाखवायला आले. स्वस्तात मिळाला म्हणून खुशीत होते. काचवाल्यांनी कडेवर नुसतं बोट फिरवलं आणि त्यांचं डोकं फिरलं. इतकी पातळ काच? यात तोंड बघितलं तर आपलं नाक आपल्यालाच ओळखू येणार नाही! दबक्या आवाजात त्यांनी मास्तरांची हजेरी घ्यायला सुरुवात केली. बाळ उठेल या धास्तीने सून धावत आली आणि दारातच थबकली.

सासऱ्यांचा हात चालू होता. थप थप थप, एकसारखा, मालकाला न विचारता.

मास्तर ओशाळून उठू लागले, तर तिने त्यांना खुणेने परत बसवलं. बिचाऱ्यांनी आरशाबद्दल सुचेल ते विचारलं. त्यांची प्रश्नांची शिदोरी संपली तेव्हा काचवाल्यांचं लक्ष स्वतःच्या हाताकडे गेलं. झालं! पुढची थाप एकटीच आली, ठरवून आल्यासारखी. बाळाने एक डोळा उघडला.

"बाबा," सून घाईने म्हणाली, "आरसा कडेने काळा का पडतो हो?"

मागून ओल शिरते म्हणून, असं सांगता सांगता हात पुन्हा चालू लागला. बाळ झोपलं. मास्तरांनी पातळ आरसा गुपचूप बगलेत मारला.

सोमवारी घर रिकामं झालं. सून बाहेर पडली खरी, पण एक चप्पल पायात आणि एक हातात अशी दाराबाहेरच उभी राहिली. आता यांना प्रश्न कोण विचारणार? आतून बाळाची कुरकुर ऐकू आली. मग काचवाल्यांचा आवाज आला. ते त्याला मोठ्या काचेची गोष्ट सांगत होते. ते तरुणपणी दुसऱ्याच्या दुकानात नवीन असताना तिथल्या मालकांनी त्यांना दरवाजाएवढी काच कापायला दिली होती, ती. घरात ही गोष्ट सगळ्यांना पाठ होती, पण रेघ ओढण्यापर्यंतच. तिथे आलं की कुणाला तरी गॅसवरचं दूध आठवायचं. आजच्या श्रोत्याला उठून जाता येत नव्हतं.

थप थप सुरू झालं. कुरकुर बारीक झाली आणि थांबली. गोष्ट थांबली नाही.

"रेघ ओढली, अगदी सुतासारखी. आणि उचलताना काच मधोमध फुटली. दुकानभर तुकडे. मला वाटलं, संपलं, आता घरी बसायचं."

सून दाराला टेकली. इतकी वर्षं तिला वाटत होतं की ही गोष्ट बढाईची आहे.

"मालकांनी तुकडे बघितले. झाडू दिला हातात आणि म्हणाले, उद्या वेळेवर ये."

सुनेने दुसरी चप्पल पायात घातली आणि जिना उतरू लागली. बस चुकली होती, पहिल्याच दिवशी उशीर होणार होता, साहेब गोड हसून बोलणारही होते. पण ती उद्याही जाणार होती.