दोन टीबीची हार्ड डिस्क आणि तीन लग्नं

पुण्याहून गोंदियाला कोणी निघालं की लोक दोनच कारणं धरतात: घरी कोणी आजारी आहे किंवा नागझिऱ्याला वाघ बघायचा आहे. २०१२च्या नोव्हेंबरात मी गेले ती हार्ड डिस्क विकत घ्यायला. हे ऑफिसात सांगितल्यावर शेजारच्या टेबलावरून प्रश्न आला, "तिकडे पिकतात का?"

झालं असं की आईचा फोन आला. "तुझा तो डबा टकटक करून राहिला."

डबा म्हणजे गोंदियाजवळच्या फुलचूरला आईच्या घरी ठेवलेली एक्स्टर्नल हार्ड डिस्क. आई पंधरा वर्षं भीमगीतांच्या पार्टीत गायची. गावोगावच्या त्या कार्यक्रमांच्या व्हिडिओ कॅसेटना बुरशी लागायला लागली, तेव्हा मी एकेक करून सगळ्या संगणकावर उतरवून घेतल्या. चित्र खराब होऊ नये म्हणून फाइल लहान केल्या नाहीत. एका तासाला साधारण तेरा जीबी, एकूण एक टीबीच्या थोडं वर. त्यानंतर आईने कॅसेट भंगारवाल्याला देऊन टाकल्या. "कम्प्युटरात गेल्या ना? मग कायले ठेवायच्या?" म्हणजे जगात एकच प्रत उरली. आणि आई आता गात नाही. डॉक्टरांनी घशाला विश्रांती सांगितली होती, ती कायमचीच झाली.

टकटक म्हणजे डिस्कच्या आतला वाचणारा भाग जागा शोधतो आहे आणि त्याला ती सापडत नाही. अशी डिस्क आणखी काही तास चालते किंवा पुन्हा कधीच चालत नाही. मी आईला म्हटलं, वायर काढ आणि आता लावू नकोस. नवी मोठी डिस्क शेजारी तयार असेल तेव्हाच जुनी सुरू करायची, एकदाच.

त्या वर्षी हार्ड डिस्क महाग झाल्या होत्या. पुण्यात दोन टीबीला साडेनऊ हजार सांगत होते. आईने दुसऱ्या दिवशी परत फोन केला. "गुड्डू भाऊकडे आहे म्हणते, दोनवाली. साडेचार हजार." गुड्डू भाऊ फुलचूरमध्ये लग्नाच्या शूटिंगचा स्टुडिओ चालवतात. मी मॉडेल विचारलं, बिल आहे का विचारलं, वॉरंटी किती उरली ते विचारलं. सगळी उत्तरं समाधानकारक होती. स्लीपरचं जाण्यायेण्याचं तिकीट धरूनही फायदा होता. मी रजा टाकली.

पुण्याहून थेट गाडी आहे. एक रात्र आणि जवळजवळ एक दिवस लागतो. नागपूरनंतर डबा रिकामा होतो आणि खिडकीबाहेर धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, सुरू होतात. गोंदिया स्टेशनबाहेर समोसा खाऊन घ्यावा, सोबत तळलेली मिरची मागावी. फुलचूरला शेअर ऑटो मिळतो. ऑटोवाला पाचवा प्रवासी बसेपर्यंत हलत नाही, त्यामुळे घाई असेल तर चौघांनी मिळून पाचव्याचे पैसे द्यावेत.

आईला घेऊन स्टुडिओत गेले, तेव्हा गुड्डू भाऊंनी डिस्क माझ्यासमोर ठेवली. मी लॅपटॉपला लावून तपासली. एकही खराब सेक्टर नव्हता. मी पैसे काढले, तसा त्यांनी डिस्कवर हात ठेवला.

"मॅडम, एक छोटी सी बात है. इसमें तीन लगन हैं."

"पुसून टाका."

त्यांच्या कारागिराने एडिटिंग थांबवून माझ्याकडे पाहिलं. आईने कपाळाला हात लावला.

"लगन मिटाते नहीं, मॅडम," गुड्डू भाऊ हळू आवाजात म्हणाले. "कॅसेटच्या जमान्यात पिताजींनी एका लग्नावर दुसरं लग्न भरलं होतं. सहा महिन्यांत पहिली जोडी वेगळी झाली. तेव्हापासून आपल्याकडे नियम आहे."

अडचण अशी की इथे लोक लग्नाचा अल्बम घेऊन जातात आणि व्हिडिओ स्टुडिओतच सोडतात. घरी पोट्टे डीव्हीडीची थाळी करून खेळतात, त्यापेक्षा भाऊकडे सुरक्षित. नव्या सीझनआधी गुड्डू भाऊंनी बाकी सगळे व्हिडिओ पोहोचवले होते. हे तीन राहिले होते, आणि ते फक्त याच डिस्कवर होते. स्टुडिओचा संगणक काठोकाठ भरलेला.

"तीनही राहू द्या. मी पुसणार नाही. जागा पुरेल," मी म्हणाले.

"तुम्ही पुण्याला जाणार. उद्या त्यांनी मागितलं तर मी कुठं धावू?"

शेवटी ठरलं ते असं. ते डीव्हीडी बनवून देणार, मी तिन्ही घरी पोहोचवणार. पण नुसत्या द्यायच्या नाहीत. घरच्यांनी त्या शेवटपर्यंत पाहायच्या आणि चालल्या असा मी गुड्डू भाऊंना फोन करायचा. मग लगन पुसलं असं होत नाही, घरी गेलं असं होतं. प्रत चालते हे पाहिल्याशिवाय मूळ पुसायचं नाही, हेच मी ऑफिसात नव्या लोकांना सांगते. त्यामुळे मला वाद घालता येईना. तीन दिवसांनी एक डीजेवालाही डिस्क बघायला येणार होता.

बाजारात दुसरा पर्याय आहे का ते मी पाहून आले. दुकानदाराकडे सगळ्यात मोठी डिस्क पाचशे जीबीची होती. "मॅडम, पाँच सौ में पूरी ज़िंदगी आ जाती है," तो म्हणाला. मी म्हटलं, माझ्या आईची येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी डीव्हीडी मिळाल्या आणि मी शेजाऱ्यांची स्कूटी घेतली. आई मागे बसली.

"तू कशाला?"

"तुले कोणी घरात घेईन का? तू बोलतच नाहीस."

पहिलं लग्न फुलचूरमध्येच होतं. सासू, सून आणि तीन तास चाळीस मिनिटांची फिल्म. चाळीस मिनिटं आहेर होता. सासूबाईंनी रिमोट हातात घेतला आणि प्रत्येक आहेराला फिल्म थांबवली.

"हे पातेलं कुठं गेलं वो सूनबाई?"

"तुमीच तर तुमच्या भाचीच्या लग्नात देलं."

"मी?"

"थांबा ना, गुड्डू भाऊकडं त्याची बी शूटिंग असन."

सासूबाईंनी पुढचे आहेर न थांबवता जाऊ दिले. आम्ही चहा तीनदा प्यायलो. मी फोन करून सांगितलं, पहिलं झालं.

दुपारी कामठा. गोंदियाहून पंधरा-सोळा किलोमीटर, रस्ता बरा आहे, पण नोव्हेंबरात जाणार असाल तर लक्षात ठेवा, अर्ध्या रस्त्यावर धान वाळत घातलेलं असतं. त्यावरून गाडी घातली तर शिव्या मिळतात आणि ते योग्यच आहे. कामठ्याच्या घरी मळणी सुरू होती. डीव्हीडी आली म्हटल्यावर मळणी थांबली. टीव्ही ओसरीवर आणला, अंगणात ताडपत्री पसरली, अर्धी गल्ली येऊन बसली. लाखोरीच्या डाळीचे वडे आले. गरम खावेत, गार झाले की त्यांना वेगळं मत असतं.

गुड्डू भाऊंच्या कॅमेऱ्याची एक पद्धत आहे. पंगतीत बसलेल्या प्रत्येकाचा चेहरा जवळून घ्यायचा, म्हणजे कोणी राहिलं असं होत नाही. त्यामुळे संपूर्ण गाव एकेक करून मोठ्या आकारात जेवताना दिसतं.

"अरे बाप्पा! पाहा, पाहा, सरपंच कसा खाऊन राहिला!"

"चावत बी नाही तो, सरळ उतरवते!"

नवरदेवाचे काका मात्र प्रत्येक चेहरा निरखून पाहत होते. पंगत संपली तसे ते उठले. "मी कुठं आहे यात? काऊन घेतलं नाही मले?"

"काका, तुमी तर वाढून राहिले होते," कोणीतरी म्हणालं. "तो हात तुमचाच आहे."

फिल्म मागे नेली. खरंच, प्रत्येक चेहऱ्यासमोर वरणाची बादली आणि एक हात येत होता. काकांनी हात ओळखला, घड्याळ ओळखलं, आणि तो भाग पुन्हा दोनदा लावायला सांगितला. आई त्यांच्या शेजारी बसून मनापासून हसत होती. मी मनात हिशोब करत होते: एक डिस्क, दोन लग्नं, उरलं एक.

तिसऱ्या दिवशी सकाळी नागझिऱ्याच्या वाटेवर निघालो. फाट्यानंतर जंगल दोन्ही बाजूंनी जवळ येतं, मध्ये बोड्या, म्हणजे छोटी तळी, लागतात, पाण्यावर बगळे. पेट्रोल गोंदियातच भरून घ्यावं. गेटच्या अलीकडच्या गावात राजेश राहतो. तो अभयारण्यात गाइड आहे. सकाळची फेरी संपवून तो घरी येतो आणि दुपारच्या फेरीला परत जातो. फिल्म साडेतीन तासांची. मोकळा वेळ जेमतेम तेवढाच. मी डीव्हीडी लावून तयार ठेवली होती. राजेश आला, हात धुतले, त्याची बायको सरिता त्याच्याशेजारी बसली, मी बटण दाबलं.

हळद सुरू झाली आणि लाइट गेली.

"येते येते," सरिता म्हणाली. "जेवून घ्या."

भात, वरण, तळ्यातल्या मासोळीचा रस्सा. तिखट होता, मी दोनदा घेतला. लाइट आली तेव्हा राजेशला निघायला तासभर उरला होता. मी सुचवलं, मधला भाग सोडू, शेवट बघू.

"शेवट माहीत आहे ना ताई," राजेश म्हणाला. "लगन लागलं."

वरात दारात पोहोचली तेव्हा तो उठला. गेटवर गाड्या लागल्या असणार. मी सरिताला म्हटलं, तुम्ही पुढचं बघा.

"एकटी? माझ्या लग्नात मी एकटी कायले बसू?"

खोटा फोन करता आला असता. पण डिस्क मी ज्या खात्रीवर घेत होते, तीच दुसऱ्याच्या बाबतीत सोडून द्यायची हे मला जमेना. मी गुड्डू भाऊंना फोन लावला आणि जसं होतं तसं सांगितलं: अर्धंच पाहिलं. पलीकडे मोठा उसासा ऐकू आला. "फिर क्या करें, मॅडम. उद्या डीजेवाला येऊन राहिला."

आई इतका वेळ ऐकत होती. तिने सरिताला सगळं सांगितलं. टकटकणारा डबा, कॅसेट, भंगारवाला, आणि आता गाता येत नाही हेही. माझ्या घरातल्या गोष्टी दुसऱ्याच्या घरात सांगितलेल्या मला आवडत नाहीत. मी अंगणात जाऊन स्कूटीचं टायर तपासलं. ते ठीक होतं.

परत आले तेव्हा सरिताने माझा फोन मागितला.

"गुड्डू भाऊ? मी सरिता. आमचं लगन ताईकडंच राहू द्या. थाळी पाहाले, ताईची डिस्क ठेवाले. तिच्याकडं लाइट बी जात नाही. ... हो, आमच्या यायले विचारलं." तिने गणवेश चढवून आता गेटकडे निघालेल्या राजेशला हाक मारली, "अहो, चालते ना?" त्याने मोटरसायकलवरूनच हात वर केला.

पाहायची प्रत वेगळी, ठेवायची वेगळी. या कामासाठी आमच्या कंपनीत मीटिंग घ्यावी लागते.

संध्याकाळी गुड्डू भाऊंनी डिस्क दिली, बिल दिलं. "मॅडम, ज़बान?" एवढंच विचारलं. मी म्हटलं, पुसणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी जुनी डिस्क लावली. आईने तिच्याखाली ओला रुमाल ठेवायचा आग्रह धरला. मी पंख्यावर तडजोड केली. टकटक झाली, थांबली, आणि ती सुरू झाली. महत्त्वाचे कार्यक्रम मी आधी ठेवले होते. दुपारपर्यंत एकेक फोल्डर पलीकडे जात राहिलं. आई शेजारी बसून धान्य निवडत होती आणि अधूनमधून विचारत होती, "आता कोणतं गाव?" मी नाव सांगायची, ती कोण पेटी वाजवत होतं ते सांगायची. शेवटचं फोल्डर अर्ध्यात असताना जुन्या डिस्कने एक मोठा आवाज केला आणि ती गेली.

मी केबल काढून पुन्हा लावून पाहिली. हे आईला कसं सांगायचं ते ठरवत होते.

"कोणतं राहिलं?"

मी गावाचं नाव सांगितलं.

"बरं झालं," आई म्हणाली. "त्या दिवशी पेटीवाला पिऊन आला होता."

परतीच्या गाडीत मी नव्या डिस्कची दुसरी प्रत करायचं ठरवलं, आणि पुण्यात आल्यावर त्यासाठी आणखी एक डिस्क पूर्ण किमतीला घेतली. म्हणजे शेवटी माझा फायदा झाला नाही. हे ज्यांना स्वस्त हार्ड डिस्कसाठी गोंदियाला जायचं आहे त्यांनी हिशोबात धरावं. वाघही दिसला नाही.

डिस्क माझ्या कपाटात आहे. दर महिन्याला तपासते. आईचे कार्यक्रम एका फोल्डरमध्ये, दुसऱ्यात राजेश आणि सरिता. एकदा फाइल उघडते का ते पाहायला म्हणून लावली आणि उरलेला अर्धा भाग पाहून झाला. लग्न लागलं होतं.

मागच्या आठवड्यात अनोळखी नंबरवरून फोन आला.

"ताई, राजेश बोलून राहिलो, गाइड. मुलगी झाली. नाव ठेवण्याची शूटिंग केली आहे. सरिता म्हणते, ते बी तुमच्याकडंच ठेवा. चालन का?"

मी वही पुढे ओढली.

"किती जीबी आहे?" मी विचारलं.